परदेशातलं एमबीबीएस : पैसे भरण्याआधी आणि भरल्यानंतर

नीटचा निकाल लागला की कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजच्या चौकाचौकांत ‘परदेशात एमबीबीएस’चे फलक लागतात आणि घराघरांत बेरीज-वजाबाकी सुरू होते. या वेळच्या सदरातले बहुतेक प्रश्न त्या धांदलीतून आलेले आहेत, काही आधीच तिकडं शिकत असलेल्या मुलांचे आहेत. सारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

मुलगा नीट पात्र झालाय, पण सरकारी जागा मिळण्याइतके गुण नाहीत. खासगीचं झेपत नाही. एक एजंट मध्य आशियातल्या विद्यापीठाचं सांगतोय. ‘एनएमसी मान्यताप्राप्त, पाच वर्षांत डॉक्टर, सगळं पॅकेजमध्ये.’ शनिवारपर्यंत एक लाख भरा, नाहीतर जागा जाईल म्हणतोय. काय करावं? — एक पालक, कागल

शनिवारपर्यंत काहीच भरू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही आणि मान्यताप्राप्त परदेशी कॉलेजांची यादीही काढत नाही. ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असं छापणारा माणूस एकतर नियम वाचलेला नाही किंवा वाचून गप्प बसलेला आहे. दोन्ही प्रकारांत त्याच्या हातात एक लाख ठेवण्यासारखं काही नाही.

एनएमसीने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नियम काढले. त्यानंतर परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलाला भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल, तर त्याच्या शिक्षणात या गोष्टी असाव्याच लागतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी. नियमांच्या परिशिष्टात दिलेले सगळे विषय शिकवलेले हवेत. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवं. त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने वैद्यकीय परवाना मिळायला हवा. आणि प्रवेशाच्या तारखेपासून दहा वर्षांत सगळं उरकायला हवं. परत आल्यावर स्क्रीनिंगची परीक्षा आणि इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप आहेच.

आता ‘पाच वर्षांत डॉक्टर’ या वाक्याचं गणित मांडा. पाच वर्षं म्हणजे ६० महिने. त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं धरलेलं असेल, तर शिकवण्याचे उरले ४८. नियमाला ५४ लागतात. सहा महिने कमी पडले म्हणून सवलत मिळत नाही. पदवी हातात असूनही नोंदणीचा रस्ता बंद होतो. फिलिपिन्सच्या बाबतीत हीच अडचण दुसऱ्या रूपात आली. तिथं आधी बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, आणि मग चार वर्षांचं एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची पदवी असते. एमडीचे ४८ महिने, आणि आधीचं बीएस वैद्यकीय शिक्षणात धरलं जात नाही. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातही एक गोष्ट नीट पाहावी लागते. काही ठिकाणी ‘प्रॅक्टिस’ म्हणून दर उन्हाळ्यात तीन-चार आठवडे रुग्णालयात पाठवतात आणि त्यालाच इंटर्नशिप म्हणतात. आपल्याला सलग, वेगळी नोंदवलेली १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी.

म्हणून एजंटकडून माहितीपत्रक घेऊ नका, विद्यापीठाकडून पत्र घ्या. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या ई-मेल पत्त्यावर थेट लिहा आणि सही-शिक्क्याच्या पत्रात पुढच्या गोष्टी मागा. इंटर्नशिप वगळून अभ्यासक्रम किती महिन्यांचा. इंटर्नशिप किती महिन्यांची, कुठल्या रुग्णालयात. पहिल्यापासून शेवटच्या वर्षापर्यंत शिकवण्याची भाषा कोणती. परदेशी विद्यार्थ्याला ही पदवी घेऊन त्या देशात परवाना मिळतो का आणि तो कोण देतं. यातला शेवटचा प्रश्न त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयालाही स्वतंत्रपणे विचारा, कारण विद्यापीठाला परवाना देण्याचा अधिकार नसतो. भाषेच्या रकान्यात ‘द्विभाषिक’ असा शब्द दिसला तर तिथंच थांबा. पहिली तीन वर्षं इंग्रजी आणि पुढं स्थानिक भाषा, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो.

नीटविषयी एक खुलासा, कारण चार पत्रांत हा गोंधळ दिसला. परदेशी प्रवेशालाही नीट पात्र व्हावंच लागतं. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, राखीव गटांना ४०. हा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. ‘नीट नसली तरी प्रवेश होतो’ हे खरं आहे. प्रवेश होतो, पण पुढं भारतात नोंदणी होत नाही.

पॅकेजबद्दल शेवटचं. त्यात काय नाही, ते लिहून घ्या. दर वर्षीचं व्हिसा नूतनीकरण, आरोग्य विमा, वैद्यकीय तपासणी, कागदांची भाषांतरं, सुट्टीतलं वसतिगृहाचं भाडं, ‘स्थानिक सेवा शुल्क’. आणि फी रुपयांत सांगितली असली तरी विद्यापीठ बहुतेकदा डॉलरमध्ये घेतं. वर्षाची फी चार हजार डॉलर असेल आणि डॉलर पाच रुपयांनी चढला, तर दर वर्षी वीस हजार रुपये वाढले. सहा वर्षांचा हिशेब करताना ही वाढ आधीच धरा.

प्रवेशपत्र आलंय. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माझं आडनाव पहिलं छापलंय, पासपोर्टवर शेवटी. आधारवर वडिलांचं नावच नाही. हे चालेल का? आणि अपॉस्टिल म्हणजे नक्की काय? — एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

आडनाव आधी की नंतर यावरून सहसा अडत नाही, कारण महाराष्ट्राच्या मंडळाची ती पद्धतच आहे. अडतं ते अक्षरांवरून. एका कागदावर ‘सुप्रिया’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ए’ आणि दुसऱ्यावर दोन, एकावर मधलं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. ही चूक आत्ता दुरुस्त होते, सहा वर्षांनी पदवीवर छापून आल्यावर होत नाही. मार्कशीटची दुरुस्ती शाळा-कॉलेजमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो, म्हणून आधी ती उरका. मग मार्कशीटवरच्या नावाबरहुकूम पासपोर्ट घ्या. पासपोर्टचा अर्ज कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात करता येतो.

अपॉस्टिल हा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असतो. तुमचं प्रमाणपत्र खरं आहे, एवढं तो दुसऱ्या देशाला सांगतो. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. शिक्का कागदाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. म्हणून मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका. आपल्याकडं पोराचं मार्कशीट आलं की घरचे कौतुकाने ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणतात. तसा कागद परत पाठवला जातो, आणि लॅमिनेशन काढताना शाई निघाली तर दुय्यम प्रत काढण्याची वेळ येते.

रशियन लिपी वापरणाऱ्या देशात जाणार असाल तर आणखी एक जागा जपा. त्या लिपीत ‘ह’ला नेमकं अक्षर नाही. तिथं ‘ख’ किंवा ‘ग’ लिहितात, आणि ‘ज’ दोन अक्षरं जोडून होतो. ‘जाधव’ रशियनमध्ये जाऊन इंग्रजीत परत आलं की ‘द्झाद्खाव’ होऊन येतं. पोचल्यावर पासपोर्टचं नोटरीकडून भाषांतर करावं लागतं, त्याच दिवशी नाव कसं लिहिलं ते पाहून घ्या, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्या भाषांतरावरून तयार होतात. शेवटच्या वर्षी पदवी छापण्याआधी मसुदा दाखवतात. इंग्रजी बाजूचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळल्याशिवाय सही करू नका.

फी परदेशी कशी पाठवायची? एजंट म्हणतो रोख माझ्याकडं द्या, स्वस्तात करून देतो. आमचं सगळं उसाच्या बिलावर आहे. — एक शेतकरी पालक, शिरोळ

रोख देऊ नका. फी तुमच्या बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात गेली पाहिजे. बँकेला मुलाचं प्रवेशपत्र, फीची मागणी करणारं पत्र, पासपोर्ट आणि पैसे पाठवणाऱ्याचं पॅन लागतं. ए-२ नावाचा फॉर्म भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची काळजी नको. वर्षभरात दहा लाखांपेक्षा जास्त गेले तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, विवरणपत्र भरलं की परत मिळतो. शेती उत्पन्न असल्यामुळे विवरणपत्र भरायची सवय नसेल, तर त्या वर्षी जरूर भरा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर हा कर लागत नाही. पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्टची, म्हणजे परदेशी पैसे पाठवल्याची, पावती मागून घ्या आणि विद्यापीठाकडून पोच. मधल्या बँका आपलं शुल्क कापतात, म्हणून पोचलेली रक्कम वीस-तीस डॉलर कमी भरते आणि तेवढ्यासाठी मुलाला वर्गात बसू देत नाहीत, असं होतं. शुल्क पाठवणाऱ्याच्या खात्यातून कापा, असं फॉर्मवर नोंदवता येतं.

तुमची खरी अडचण तारखांची आहे. तिकडचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि फी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागतात. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, बिलं डिसेंबरनंतर हातात येतात. सप्टेंबरला शिवारात ऊस उभा असतो आणि खिशात काही नसतं, मग सावकार किंवा सोनं. बरीच विद्यापीठं फी दोन सत्रांत घेतात, सप्टेंबर आणि फेब्रुवारी. प्रवेश घेतानाच ही सवलत पत्रात लिहून घ्या, नंतर तोंडी मागून मिळत नाही. पहिल्या सत्रापुरतं शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. अर्ज मे-जूनमध्येच टाका. कर्ज मंजूर व्हायला लागणारे आठवडे आणि व्हिसाची तारीख यांची टक्कर झाली की घर हवालदिल होतं.

मुलगी किर्गिझस्तानात बिश्केकला चाललीय. काय काय बांधून देऊ? ती कांदा-लसूण मसाल्याशिवाय जेवत नाही. — एक आई, इचलकरंजी

मसाला जरूर द्या, पण खसखस न घालता कांडून घ्या. मुंबईहून बिश्केक, अल्माटी, तिबिलिसीला जाणारी बरीच विमानं दुबई किंवा शारजाला थांबतात, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. आपल्या कोल्हापुरी मसाल्यात ती असतेच. बॅग थेट पुढं जाणार असेल तर तपासणी सहसा होत नाही, पण विमान चुकलं आणि रात्र तिथं काढावी लागली तर बॅग बाहेर येते. एवढ्याशा खसखशीसाठी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तो धोका नको. तिच्या जागी पांढरे तीळ वाढवा, दाटपणा तोच येतो. खोबरं भाजून मसाल्यात गेलेलं चालतं, पण सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या बॅगेत ठेवू नका. त्यात तेल फार असतं आणि विमानवाले त्यांना पेट घेणाऱ्या मालात धरतात.

कांदा मात्र पूर्ण कोरडा तळलेला हवा. बोटांनी चुरला तर कुरकुरीत मोडला पाहिजे. वाकला तर आत पाणी आहे, आणि महिन्याभरात मसाल्याला बुरशी धरते. रोज दोन चमचे धरले तर किलोभर मसाला एका माणसाला तीन महिने पुरतो. दोन किलो द्या. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्यांत भरून दुहेरी बंद करा. स्टीलचे डबे वजन खातात आणि तेलही झिरपतं. ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर नको, दोन-तीन महिन्यांत कडवट होतं. तांदूळ, कणीक, बटाटे, कांदे, मसूर तिकडं मिळतात. तूरडाळ लहान शहरांत मिळत नाही, ती तीन-चार किलो द्या. भडंग हवं तर वरून टाका, वजन होत नाही.

कुकर तीन लिटरचा, इंडक्शनला चालणाऱ्या तळाचा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. त्याच्या रबराच्या दोन कडा आणि एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह द्या, हे भाग तिथं मिळत नाहीत आणि एका रबरापायी कुकर वर्षभर कपाटात पडतो. वीज तिथंही २२० व्होल्टची आहे, त्यामुळे चार्जर चालतात. भोकं मात्र वेगळी असतात, म्हणून दोन-तीन अडॅप्टर न्या. खोलीत शेगडी लावायला बहुतेक वसतिगृहांत मनाई असते, मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असतं.

औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल आणि झोपेच्या गोळ्या ठेवू नका. नेहमीची औषधं मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या.

जाड जॅकेट आणि बूट इथून घेऊ नका. आपल्या दुकानांतलं ‘हिवाळी’ सामान महाबळेश्वरच्या थंडीचं असतं. इथून द्यायचे ते आतून घालायचे थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरी मोजे, कानटोपी. बूट तिथं, जाड मोजे घालून, बोटं हलतील एवढे सैल घ्यावेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गारठतात. तळ खोल खाचांच्या रबराचा हवा. गुळगुळीत तळावर बर्फावरून घसरून मनगट मोडणं हा तिथल्या पहिल्या हिवाळ्यातला नेहमीचा अपघात आहे. खोल्यांत गरम पाण्याचे नळ दिवसरात्र तापलेले असतात, हवा कोरडी होते, नाकातून रक्त येतं. रात्री ओला टॉवेल त्या नळांवर टाकून झोपायचं आणि नाकात थोडं व्हॅसलिन लावायचं.

आणि एक, बांधून न देता येण्यासारखं. डिसेंबरात तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मुलं फोनवर कमी बोलायला लागतात, जेवण टाळतात, उशिरापर्यंत झोपतात. ‘अभ्यास कसा चाललाय’ विचारण्याआधी ‘आज बाहेर पडलीस का, काय जेवलीस’ हे विचारा. तिला दोन आठवडे असंच वाटत राहिलं, तर विद्यापीठाच्या डॉक्टरकडं जायला सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

मी दुसऱ्या वर्षाला आहे, रशियन बोलणाऱ्या देशात. सुट्टीवरून दोन आठवडे उशिरा आलो. आता देकानात (डीनचं कार्यालय) म्हणतं की परीक्षेला बसू देणार नाही. मराठी माध्यमातून आलोय, तोंडी परीक्षेत इंग्रजी अडखळतं ते वेगळंच. — एक विद्यार्थी, मूळ शिवाजी पेठ

तुझी अडचण ‘अत्राबोत्का’ची आहे. तिकडं चुकवलेला प्रत्येक प्रात्यक्षिक तास भरून द्यावा लागतो, आजारी असलास तरी. आजाराच्या स्प्राव्कामुळे, म्हणजे दाखल्यामुळे, दंड टळतो, तास टळत नाही. विषयाचा शिक्षक अत्राबोत्का घ्यायला आठवड्यातून एखाद्याच दुपारी बसतो. दोन आठवड्यांत सहा विषयांचे वीस तास साचले आणि सत्रपरीक्षेला पाच आठवडे उरले, तर सगळा वर्ग त्याच दारात उभा असतो. तास भरले नाहीत की झाच्योत, म्हणजे विषय पूर्ण केल्याची नोंद, मिळत नाही, झाच्योत नाही की परीक्षा नाही, आणि थकबाकी वाढत गेली की नाव काढतात. नाव गेलं की व्हिसाही जातो. म्हणून आज वहीत विषयवार तारखा लिही, देकानातमध्ये जाऊन कुठला शिक्षक कधी बसतो ते उतरवून घे, आणि ज्या विषयाची परीक्षा आधी तिथून सुरुवात कर. तास दिल्यावर शिक्षकाने रजिस्टरमध्ये तुझ्यासमोर नोंद केली, हे पाहूनच बाहेर पड. वर्गप्रमुखाकडे निरोप ठेवून काम होत नाही. एप्रन, टोपी आणि बदलायचे बूट नसले की दारातूनच परत पाठवतात, ते पिशवीत कायम असू दे.

तोंडी परीक्षेत बिल्येत, म्हणजे प्रश्नांची चिठ्ठी, उचलायचं असतं, त्यावर साधारण तीन प्रश्न असतात. थोडा वेळ कागदावर तयारी करायला देतात, मग समोर बसून बोलायचं. गुण पाच, चार, तीन, आणि दोन म्हणजे नापास. पाठ केलेला परिच्छेद मध्येच तुटला की पुढचं काही सुचत नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयाला एकच साचा लाव. अवयव असेल तर जागा, भाग, शेजारी कोण, रक्तपुरवठा, मज्जातंतू, रुग्णात काय बिघडतं. या क्रमाने रोज दोन विषय मोठ्याने बोल. समजून घेताना मराठीत विचार करायला काहीच हरकत नाही, बोलायची वाक्यं मात्र छोटी आणि इंग्रजी ठेव.

रशियन लिपीला आठवडा पुरतो. फसवणारी अक्षरं थोडीच आहेत : इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं तो ‘र’, ‘एच’सारखा ‘न’, ‘सी’सारखा ‘स’ आणि ‘बी’सारखा ‘व’. तिसऱ्या वर्षापासून रुग्ण समोर येतात आणि त्यांना इंग्रजी येत नाही. ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे कुठं दुखतं. ‘दिशीत्ये’ म्हणजे श्वास घ्या, ‘नि दिशीत्ये’ म्हणजे रोखा. अशी शंभरेक वाक्यं या उन्हाळ्यात पाठ करून ठेव. ज्यांना ती येत नाहीत ते पुढची तीन वर्षं खाटेपासून दोन हात लांब उभे राहतात, आणि मग पदवी असते पण रुग्ण तपासता येत नाही.

इथलं शिक्षण नीट नाही. तिसऱ्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बदली घेता येईल का? — दोन विद्यार्थी

भारतात नोंदणी हवी असेल तर नाही. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत, असा नियम आहे. बदलायचंच असेल तर नव्या ठिकाणी पहिल्या वर्षापासून सुरुवात, आणि नीटच्या निकालाची तीन वर्षं उलटली नाहीत ना, हे आधी पाहायचं.

चौथ्या वर्षाला आहे. एफएमजीईची तयारी कधी आणि कशी सुरू करू? इथल्या परीक्षांत मला चार-पाच मिळतात, तरी सीनियर नापास होऊन येतायत. असं का होतं? — एक विद्यार्थिनी, मूळ जयसिंगपूर

एफएमजीई म्हणजे परदेशातून शिकून आलेल्यांची वर सांगितलेली स्क्रीनिंगची परीक्षा. तिच्या जागी येऊ घातलेली ‘नेक्स्ट’ प्रत्यक्षात येईपर्यंत एफएमजीईच द्यायची आहे. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. ३०० बहुपर्यायी प्रश्न, दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास. १५० बरोबर आले की पास. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, तरी अलीकडच्या वर्षांत चार-पाच जणांत एकच पास होतो.

मुलं हुशार असून का अडतात? तिथले शिक्षक त्यांच्या देशाच्या रुग्णांसाठी शिकवतात, आणि परीक्षा आपल्या देशातल्या रुग्णांवर असते. उदाहरणार्थ क्षयरोग. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात साध्या क्षयरोगाला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन असतात, एथाम्ब्युटॉल शेवटपर्यंत चालू राहतं. बाहेरच्या पुस्तकात पुढचे चार महिने दोनच औषधं दिसतील. तिथल्या परीक्षेत दोनचं उत्तर बरोबर, इथं चूक. सर्पदंशाचंही असंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चौकडी, वीस मिनिटांत रक्त गोठतं का हे काचेच्या नळीत बघायची चाचणी, विषारी साप चावल्याची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या. हे बिश्केक किंवा रशियातल्या कझानच्या वॉर्डात दिसणारच नाही, आणि पन्हाळा-राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात दवाखान्यात येणारा हाच रुग्ण आहे. कीटकनाशक पोटात गेलेला माणूस, डेंग्यू, कुष्ठरोग, गरोदरपणातला रक्तक्षय ही सगळी त्याच जातीची उदाहरणं.

गुणांची वाटणी समोर ठेव. सुरुवातीच्या विषयांना १०० : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीव आणि औषधशास्त्र प्रत्येकी १३, न्यायवैद्यक १०. उरलेले २०० रुग्णविषयक : मेडिसिन ३३, सर्जरी ३२, प्रसूती-स्त्रीरोग ३०, सामाजिक वैद्यक ३०, बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, आणि मानसोपचार, त्वचा, अस्थिरोग, भूल, क्ष-किरण, रेडिओथेरपी यांना पाच-पाच. सामाजिक वैद्यकाचे ३० गुण मुलं सगळ्यात जास्त सोडून देतात, कारण तिथं हा विषय वेगळ्याच आशयाने शिकवतात. भारताचं लसीकरण वेळापत्रक, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्राची रचना, थोडं संख्याशास्त्र. दीड महिना नीट दिला तर हे गुण हातचे आहेत. डोळे, कान-नाक-घसा आणि बालरोग मिळून ४५, अभ्यास मेडिसिनपेक्षा खूप लहान. न्यायवैद्यकासाठी भारतीय न्याय संहिता वाच, ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे, जुनी कलमं पाठ करून उपयोग नाही. गर्भपाताच्या कायद्यातली २० आणि २४ आठवड्यांची मर्यादाही न्यायवैद्यकातच येते.

आकड्यांची सवयही बदलावी लागते. तिथं साखर मिलिमोलमध्ये सांगतात, आपल्याकडं मिलिग्रॅममध्ये. १८ ने गुण : ७ म्हणजे १२६. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भाग : १०६ म्हणजे १.२. हिमोग्लोबिन लिटरवर असेल तर दहाने भाग. तिथल्या वॉर्डात प्रत्येक रिपोर्ट वहीत दोन्ही एककांत लिहीत जा, परीक्षेत आकडा दिसताच अर्थ लागायला हवा.

तयारी आत्ताच सुरू कर. तिथला प्रत्येक विषय ज्या सत्रात चालू आहे, त्याच सत्रात त्याचं भारतीय पाठ्यपुस्तक वाचायचं आणि रोज ३०-४० प्रश्न सोडवायचे. सुट्टीत घरी आलीस की जवळच्या रुग्णालयात परवानगी काढून महिनाभर बघायला जा. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. बाह्यरुग्ण विभागात दोन तास उभं राहिलं तरी आपल्याकडचे आजार डोळ्यांत बसतात. पदवीनंतर सहा महिन्यांचा क्लास लावून सगळं एकदम उरकू, असं ठरवणारे बहुतेक त्या चार-पाचांतल्या नापासांत जातात.

मुलगा पदवी घेऊन आला. एक ओळखीचे डॉक्टर म्हणतात, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत माझ्याकडं दवाखान्यात बस, हात साफ होईल. पुढची वाट काय? — एक पालक, उचगाव

दवाखान्यात बसवू नका. नोंदणीशिवाय रुग्ण तपासणं, चिठ्ठी लिहिणं, इंजेक्शन देणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ प्रमाणे गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओळखीच्या डॉक्टरांचा हेतू चांगला असेल, तरी रुग्णाचं काही कमीजास्त झालं तर दोघंही अडकतील.

क्रम असा आहे : एफएमजीई पास, मग महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. परदेशातून आलेल्यांना इंटर्नशिपसाठी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच घेतात, त्यामुळे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचंच ठिकाण मिळेल असं धरून बसू नका, यादीत जे येईल ते घ्या. इंटर्नशिपसाठी कॉलेजने फी घ्यायची नसते. कोणी मागितली तर लेखी मागणी मागा आणि ती परिषदेकडे पाठवा.

निकालाची वाट बघताना एक फाइल लावा. नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावी, प्रवेशपत्र, वर्षवार गुणपत्रिका तासांसह, अपॉस्टिल केलेली पदवी, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं रुग्णालयाचं पत्र, शिकवण्याची भाषा इंग्रजी होती असं विद्यापीठाचं पत्र. आणि पासपोर्टची सगळी पानं, जुना पासपोर्ट असेल तर तोही. मुलगा खरोखर त्या देशात राहून शिकला का, हे येण्या-जाण्याच्या शिक्क्यांवरून तपासतात. काही विमानतळांवर आता यंत्रातून पुढं जायचं असतं आणि शिक्का बसत नाही. अशा प्रवासांचे बोर्डिंग पास आणि तिकिटं वर्षवार लावून ठेवा. त्याच्या ई-मेलमध्ये जुनी तिकिटं असतील, ती आजच छापून घ्या. विमान कंपन्या पाच-सहा वर्षांपूर्वीची नोंद मागून सहजी देत नाहीत.